तुम्ही विचारलंत म्हणून : गव्हर्नर अर्थमंत्री झाला की बँकेचं काय होतं?

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो. अर्थशास्त्राचे विद्यार्थी विचारतात, बँकेत नोकरी करणारे विचारतात, अर्थसंकल्पाच्या दिवसांत तर हमखास कुणीतरी विचारतंच. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला अर्थतज्ज्ञ राजकारणात गेला, तर तिथलं शहाणपण तो बरोबर नेतो का? की खुर्ची बदलली की माणूसही बदलतो? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा डॉ. मनमोहन सिंग असतात. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या मनात सी. डी. देशमुखही असतात.

माझं उत्तर असं, की त्या माणसाची भाषणं किंवा स्वभाव बघत बसू नका, सरकारचं रिझर्व्ह बँकेतलं खातं बघा. रिझर्व्ह बँक ही केंद्र सरकारची बँकर. सरकारचा पैसा तिच्याकडे येतो, तिच्याकडूनच जातो. खात्यात पैसे कमी पडले तर सरकारने बँकेकडून किती उचलायचे, किती दिवसांसाठी आणि कुणाला विचारून, ही गव्हर्नरची रोजची डोकेदुखी असते. अर्थमंत्र्याच्या दृष्टीने तीच मोठी सोय असते. म्हणजे गव्हर्नर मंत्री झाला की काल ज्या उचलीला तो आवर घालू पाहत होता, ती उचल आज त्याच्याच हातात येते. तो आता काय करतो, यावरून त्याची पारख होते.

आपल्याकडे गव्हर्नर राहिलेले दोघेच जण केंद्रीय अर्थमंत्री झाले, देशमुख आणि सिंग. एकाच्या काळात ही उचल आपोआप होऊ लागली आणि दुसऱ्याने ती बंद करायला घेतली. मधे जवळपास चाळीस वर्षं गेली.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गव्हर्नरच्या खुर्चीतून थेट मंत्रिपदावर आपल्याकडे कुणी गेलेलं नाही. देशमुखांनी ३० जून १९४९ ला बँक सोडली आणि जून १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. मधे नियोजन आयोगाचं सदस्यत्व होतं. सिंगांनी १४ जानेवारी १९८५ ला बँक सोडली आणि २१ जून १९९१ ला शपथ घेतली. जवळजवळ साडेसहा वर्षं! त्यात नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद, जिनिव्हातल्या साउथ कमिशनचं सरचिटणीसपद, चंद्रशेखर पंतप्रधान असताना त्यांचं आर्थिक सल्लागारपद आणि शेवटचे थोडे महिने विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, एवढं सगळं येऊन गेलं. आयोगाच्या त्याच खुर्चीवर देशमुखही बसले होते, पण ते मंत्रिपद सोडल्यावर.

त्यामुळे जे विद्यार्थी ‘मला सिंगांसारखी वाट धरायची आहे, तर रिझर्व्ह बँकेत जाऊ का’ असं विचारतात, त्यांना मी त्या कारकिर्दीचे आकडे बघायला सांगते. गव्हर्नरपद सव्वादोन-अडीच वर्षांचं. त्याआधी १९७१ मध्ये परराष्ट्र व्यापार मंत्रालयात आर्थिक सल्लागार, १९७२ ते ७६ अर्थ मंत्रालयात मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ ते ८० त्याच मंत्रालयात आर्थिक व्यवहार विभागाचे सचिव, मग नियोजन आयोगाचे सदस्य-सचिव. त्याच्याही मागे केंब्रिजची पदवी, ऑक्सफर्डची भारताच्या निर्यातीवरची डॉक्टरेट, काही वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेत आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणं. त्यांची खरी घडण नॉर्थ ब्लॉकमधल्या, म्हणजे अर्थ मंत्रालयातल्या, फायलींवर झाली. मंत्री म्हणून ते आले तेव्हा कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना ठाऊक होतं. नवख्या मंत्र्याची पहिली दोन वर्षं हे समजून घेण्यातच जातात. शिवाय बँकेच्या केडरमधून वर चढत गव्हर्नर झालेले एकटे एम. नरसिंहम, तेही १९७७ मध्ये सात महिन्यांसाठी. रिझर्व्ह बँकेत संशोधन अधिकारी म्हणून जरूर जा, उत्तम काम आहे. पण ती राजकारणाची शिडी आहे असं समजून जाऊ नका.

आता त्या खात्याकडे येऊ.

देशमुख हे आपल्या रोह्याकडचे, जन्म महाडजवळचा, १८९६ चा. केंब्रिजमध्ये शिकले वनस्पतिशास्त्र आणि आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. रूढ अर्थाने ते अर्थतज्ज्ञ नव्हते, पण १९३९ पासून रिझर्व्ह बँकेत काम करून ते त्या विषयात मुरले. ११ ऑगस्ट १९४३ ला ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा खासगी भागधारकांना शंभराच्या शेअरमागे ११८ रुपये १० आणे देऊन सरकारने सगळं भांडवल ताब्यात घेतलं. त्या दिवशी गव्हर्नर देशमुखच होते. आदल्या दिवशी भागधारकांच्या बँकेचे, दुसऱ्या दिवशी सरकारी बँकेचे. सार्वजनिक हितासाठी सरकार गव्हर्नरशी सल्लामसलत करून बँकेला आदेश देऊ शकेल, हे कलम ७ त्याच बदलातून कायद्यात आलं. आजही त्यावर वाद झडतात.

ते अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५५ मध्ये, सरकार आणि बँक यांच्यात एक प्रशासकीय व्यवस्था ठरली. कायदा नाही, संसदेत मतदान नाही, दोन कार्यालयांमधली समजूत. तिचा तपशील नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं.

केंद्र सरकारच्या खात्याचा हिशेब रिझर्व्ह बँकेच्या नागपूरच्या केंद्रीय लेखा विभागात जुळवला जातो. सरकारने खात्यात दर शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये ठेवायचे असं ठरलं. शुक्रवारी शिल्लक ५० कोटींच्या खाली असेल, तर जेवढी तूट तेवढ्या रकमेची ९१ दिवसांची कोषागार बिलं, म्हणजे सरकारने थोड्या मुदतीच्या उसनवारीसाठी लिहून दिलेले कागद, नागपुरातच तयार व्हायची. यांना म्हणायचं ‘अ‍ॅड हॉक’. ही बिलं बाजारात विकायला जात नसत. रिझर्व्ह बँक स्वतःच ती घ्यायची आणि तेवढी रक्कम सरकारच्या खात्यात जमा करायची. म्हणजे नवा पैसा तयार! ९१ दिवसांनी बिलं फेडायची वेळ आली की नवी बिलं काढून जुनी फेडायची. १९७४ पासून त्यांवरचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठला. बाजारात व्याज दहा-बारा टक्के असलं तरी सरकारला पडायचं ४.६ टक्केच.

यातली ग्यानबाची मेख अशी, की कुणालाच ‘हो’ म्हणावं लागत नव्हतं. गव्हर्नरची सही नको, मंत्र्याचा अर्ज नको. ज्या व्यवहारात कुणीतरी ‘नाही’ म्हणायला बसलेला असतो तिथे निदान बोलाचाली होते, इथे तीही नाही. नाव तात्पुरतं आणि व्यवहार कायमचा. थकीत बिलं फार साचली की मुदत नसलेल्या खास रोख्यांत बदलून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

देशमुखांना मी यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. १९५५ मध्ये सरकारचा कारभार लहान होता, महागाई आटोक्यात होती आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना ओळखणारे, हिशेबाला पक्के लोक बसले होते. त्याच वर्षी १ जुलैला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर होती. अशा घाईत दर आठवड्याचा कागदी व्याप कमी करणं स्वाभाविकच वाटलं असणार. पण ही शिस्त माणसांच्या भरवशावर होती, आणि माणसं जातात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आणि पोलिसांचा गोळीबार यांच्या निषेधार्थ देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं, याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो योग्यच आहे. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवून त्यांनी कर्ज महाग केलं, म्हणजे जे काम बँकेच्या व्याजदराने व्हायचं ते करातून केलं. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नरने राजीनामा दिला. देशमुख गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत! बँक आणि मंत्रालय यांच्यातला समतोल माजी गव्हर्नर मंत्री होता तोवर टिकला, कारण तो लिहिलेला कुठेच नव्हता.

आता पुढची पंचवीस वर्षं ओलांडू. १६ सप्टेंबर १९८२ ला मनमोहन सिंग गव्हर्नर झाले, तेव्हा अ‍ॅड हॉकचं ओझं बँकेच्या मानेवर पुरतं बसलं होतं. गव्हर्नरच्या बाजूने ते कसं जाणवतं ते पाहा. सरकार उचल करतं, नवा पैसा बाजारात येतो, तो बँकांत ठेवी म्हणून जातो, बँका त्यावर कर्ज देतात आणि महागाईला खतपाणी मिळतं. उचल थांबवणं गव्हर्नरच्या हातात नाही. मग हातात उरतं ते रोख राखीव प्रमाण, म्हणजे बँकांनी ठेवींतला किती हिस्सा रिझर्व्ह बँकेत ठेवायचा ते वाढवणं. सिंगांच्या कारकिर्दीत हे प्रमाण ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेलं. सरकार एका दाराने पैसा ओततं, बँक दुसऱ्या दाराने उपसते आणि भुर्दंड पडतो कर्ज मागणाऱ्या कारखानदाराला, दुकानदाराला. हीच रीत पुढे चालू राहिली आणि १९९१ च्या सुमारास रोख राखीव प्रमाण १५ टक्के आणि सरकारी रोख्यांत सक्तीने गुंतवायचं वैधानिक रोखता प्रमाण ३८.५ टक्के झालं. शंभर रुपयांच्या ठेवीतले ५३ रुपये ५० पैसे बँकेच्या हातात येण्याआधीच गेलेले. नव्या ठेवींवर आणखी १० टक्के जादा राखीव होतं, ते वेगळंच.

सिंगांनी गव्हर्नर म्हणून यावर उघड भांडण केलं नाही. डिसेंबर १९८२ मध्ये, पद घेतल्यावर तीन महिन्यांत, त्यांनी प्रा. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली चलनव्यवस्थेच्या कामकाजाचा आढावा घेणारी समिती नेमली. सी. रंगराजन तिचे एक सदस्य होते. अहवाल आला एप्रिल १९८५ मध्ये, तोवर सिंग बँक सोडून गेले होते. सरकार बँकेकडून किती उचल करणार याची मर्यादा दोघांनी मिळून आधीच ठरवावी, अशी एक महत्त्वाची शिफारस त्यात होती. नऊ वर्षं ती तशीच पडून राहिली.

राजकारणाचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते संकटात. जून १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास आली होती, जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती. नरसिंह रावांना अर्थमंत्री म्हणून आधी हवे होते आय. जी. पटेल. तेही माजी गव्हर्नर, सिंगांच्या आधीचेच. त्यांनी नकार दिला आणि पी. सी. अलेक्झांडर यांच्यामार्फत निरोप सिंगांकडे गेला. रावांना माजी गव्हर्नरच का हवा होता? कारण पुढच्या काही आठवड्यांत ज्यांच्यापुढे हात पसरायचे होते, ते नाणेनिधीवाले आणि परदेशी बँकवाले निवडून आलेल्या पुढाऱ्यांना ओळखत नव्हते. या माणसाला ते वर्षानुवर्षं बैठकांत भेटले होते.

इथे लोक एक गोष्ट हमखास विचारतात, की निवडून न येता मंत्री होता येतं का? होता येतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ च्या पाचव्या खंडानुसार मंत्र्याला सहा महिने संसदेचा सदस्य नसताना राहता येतं. अनुच्छेद ८८ नुसार त्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत मात्र देता येत नाही. २४ जुलै १९९१ चा अर्थसंकल्प, ज्याचे दाखले आपण आजही देतो, तो सिंगांनी लोकसभेत मांडला तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. आपण मांडलेल्या अर्थसंकल्पावर त्यांना मतदानही करता आलं नसतं. १ ऑक्टोबरला ते आसाममधून राज्यसभेवर आले. त्या काळी ज्या राज्यातून उभं राहायचं तिथल्या मतदार यादीत नाव असणं सक्तीचं होतं, म्हणून गुवाहाटीतल्या भाड्याच्या घराचा पत्ता. ही अट २००३ मध्ये कायद्यातून निघाली. कायद्याची आणखी एक बाजू सांगते. व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीवर बाहेरून येणाऱ्या सदस्यांना खासदार किंवा आमदार असता येत नाही. म्हणजे राजकारणातून बँकेत येण्याची वाट अरुंद आहे. बँक सोडल्यावर राजकारणात जाणं एवढं अवघड नाही.

माजी गव्हर्नर मंत्री असण्याचा फायदा नेमका कुठे होतो, हे एका सकाळीत पाहता येतं. रुपयाचं अवमूल्यन दोन टप्प्यांत करायचं ठरलं होतं. १ जुलैला सुमारे ९ टक्के आणि ३ जुलैला आणखी ११ टक्क्यांच्या आसपास. पहिला टप्पा लहान ठेवला तो बाजार कसा घेतो ते अजमावण्यासाठी. पण असं करताना अर्ध्यावर थांबण्यासारखी चूक नाही. एकदा रुपया घसरला की सगळ्यांना वाटतं अजून घसरणार, मग निर्यातदार डॉलर परदेशातच ठेवतो, आयातदार आजच विकत घ्यायला धावतो आणि उरलीसुरली गंगाजळीही जाते. पहिल्या टप्प्यानंतर गदारोळ झाला. राव बिथरले, आणि त्यांचं बिथरणं समजण्यासारखं होतं. सरकार अल्पमतातलं, आणि १९६६ च्या अवमूल्यनाने इंदिरा गांधींना पक्षातच किती सोसावं लागलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी दुसरा टप्पा थांबवायला सांगितलं. ३ तारखेला सकाळी साडेनऊच्या सुमारास सिंगांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला. रंगराजन यांनी सांगितलं, उडी मारून झाली आहे, नवा दर नऊ वाजताच जाहीर केला. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला होता.

या फोनकडे मी पुन्हा पुन्हा वळते. सिंगांनी पंतप्रधानांचा निरोप पोहोचवला, तो दडवला नाही. पण बँकेचं काम किती वाजता सुरू होतं आणि दर किती वाजता जाहीर होतो, हे माजी गव्हर्नरला कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी मुद्दाम उशीर केला असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. एवढं खरं, की उत्तर ऐकून त्यांना वाईट वाटलं नाही, असंच नंतर या प्रसंगात असलेल्यांनी सांगितलं आहे. दुसऱ्या दिवसापासून, ४ ते १८ जुलैच्या दरम्यान, रिझर्व्ह बँकेचं ४६.९१ टन सोनं टप्प्याटप्प्याने परदेशी रवाना झालं आणि बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी ५० लाख डॉलर उभे राहिले. सोनं गहाण टाकलं म्हणून देशाला लाज वाटली. मला विचाराल तर त्या महिन्यात एकही हप्ता चुकला नाही, हे त्या लाजेपेक्षा मोठं होतं.

बँकेतली सवय राजकारणात अडचणीची ठरते तीही इथेच दिसते. गव्हर्नर निर्णय घेतो, परिपत्रक निघतं, बँका पाळतात. मंत्र्याचं तसं नसतं. १९९०-९१ मध्ये वित्तीय तूट सकल उत्पादनाच्या ८.४ टक्के होती, ती एका वर्षात ६.५ टक्क्यांवर आणायचं लक्ष्य होतं, म्हणून अर्थसंकल्पात खतांचे दर ४० टक्क्यांनी वाढवले. हिशेब बरोबर होता. पण काँग्रेसच्याच खासदारांनी संसदीय पक्षाच्या बैठकांत मंत्र्याला धारेवर धरलं. शेवटी ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आली आणि छोट्या व सीमांत शेतकऱ्यांना वगळावं लागलं. आता सीमांत शेतकरी कोण हे खताच्या दुकानात पोत्यापाशी उभं राहून ठरवायचं कसं? पण त्या दिवशी प्रश्न अंमलबजावणीचा राहिला नव्हता, सरकार टिकवण्याचा होता. बँकेतून आलेल्या माणसाला हे शिकायला लागतं, की आकडा बरोबर असला तरी तो मांडण्याआधी पंचवीस लोकांशी बोलून ठेवावं लागतं. रावांनी हे बोलण्याचं काम पुष्कळसं स्वतःकडे ठेवलं, म्हणून सिंग टिकले. पाठीशी असा राजकारणी नसता तर १९९१ चा अर्थमंत्री सहा महिन्यांत घरी गेला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि जुनं घर पाठ सोडत नाही. एप्रिल १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघडकीला आला. सरकारी रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात हाताने लिहिलेल्या खातेवह्यांत नोंदली जायची. नोंद व्हायला वेळ लागायचा, म्हणून बँका तोवर एकमेकींना ‘बँक रिसीट’ द्यायच्या, ‘रोखे आमच्याकडे आहेत, नंतर देतो’ असं सांगणारी पावती. दलालांनी मागे रोखेच नसलेल्या पावत्यांवर पैसे उचलले आणि शेअर बाजारात लावले. देखरेख रिझर्व्ह बँकेची, मंत्री माजी गव्हर्नर. दुसऱ्या कुठल्या मंत्र्याला ‘मला हे तांत्रिक तपशील माहीत नव्हते’ म्हणता आलं असतं, यांना ती सोय नव्हती. संयुक्त संसदीय समितीच्या अहवालानंतर डिसेंबर १९९३ मध्ये सिंगांनी राजीनामा दिला, रावांनी तो स्वीकारला नाही.

यानंतर आली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं सांगत आले. टाळ्या घेणारी नाही, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर शोभणारीही नाही. फेब्रुवारी १९९४ च्या अर्थसंकल्पी भाषणात सिंगांनी अ‍ॅड हॉक बिलं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं आणि ९ सप्टेंबर १९९४ ला सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात लेखी करार झाला. तेव्हा गव्हर्नर होते रंगराजन, चक्रवर्ती समितीचे तेच सदस्य. कराराची कलमं अगदी हिशेबी होती. १९९४-९५ च्या अखेरीस अ‍ॅड हॉकची निव्वळ वाढ ६,००० कोटींच्या वर जायची नाही. वर्षाच्या मधे ती सलग दहा कामाच्या दिवसांहून जास्त काळ ९,००० कोटींच्या वर राहिली, तर रिझर्व्ह बँक आपणहून बाजारात सरकारी रोखे विकून ती खाली आणेल. तीन वर्षांत पद्धत पूर्ण बंद.

बारकाईने पाहा, ‘आपणहून’ हा शब्द कुठे गेला. १९५५ मध्ये बिलं आपोआप तयार होत होती. १९९४ मध्ये बंधन आपोआप लागू व्हायला लागलं. आणि ते स्वतःवर लावून घेतलं एका अर्थमंत्र्याने, जो गव्हर्नर असताना ते मागू शकला नव्हता. निवडणूक दीड-दोन वर्षांवर असताना कुठला मंत्री आपल्याच हातातला पैसा बांधून घेतो? सिंगांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम कोणतं असं मला विचारलं, तर मी परवाना राज्य मोडणं म्हणत नाही. ते बरंचसं रावांचं, उद्योग खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. मी हा करार म्हणते.

आणि तो टिकला, कारण तो लिहिलेला होता. मे १९९६ मध्ये सरकार गेलं, सिंग गेले, पण १ एप्रिल १९९७ ला नव्या सरकारच्या काळात, पी. चिदंबरम अर्थमंत्री असताना, अ‍ॅड हॉक ठरल्याप्रमाणे संपली. त्यांच्या जागी आली मर्यादा आणि मुदत असलेली तात्पुरती उचल. मर्यादेचा ७५ टक्के भाग वापरला गेला की बँकेने बाजारात नवे सरकारी रोखे काढायला घ्यायचे, असंही ठरलं. पुढे २००३ च्या वित्तीय जबाबदारीच्या कायद्याने १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेण्याची मनाई झाली, काही अपवाद वगळता. तेव्हा पंतप्रधान सिंगच होते.

लोकांनी निवडून देण्याच्या बाबतीत मात्र दोघांची नशिबं वेगळी. देशमुख १९५२ मध्ये कुलाब्यातून (मुंबईतला कुलाबा नव्हे, आजच्या रायगड जिल्ह्याचं जुनं नाव) लोकसभेवर निवडून आले. सिंग १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून एकदाच उभे राहिले आणि विजयकुमार मल्होत्रांकडून हरले. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं पंतप्रधान राहिले ती राज्यसभेतूनच. हे लोकशाहीत बरं की वाईट, यावर मतं वेगळी असतील. माझ्या मते लोकसभेतून निवडून न येण्याची किंमत त्यांनी दुसऱ्या पाच वर्षांत मोजली, मंत्र्यांना आवर घालायला जे स्वतःचं बळ लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं.

तरीही बँकेच्या बाबतीत ते बदलले नाहीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये गव्हर्नर डी. सुब्बाराव यांनी व्याजदर कमी करायला नकार दिला, तेव्हा चिदंबरम यांनी उघड नाराजी दाखवली, विकासाच्या वाटेवर सरकारला एकटं चालावं लागलं तर एकटं चालू, असं ते म्हणाले. कलम ७ हाताशी होतं. ते वापरलं गेलं नाही आणि सुब्बारावांनी पाच वर्षं पुरी केली.

नागपूरचा केंद्रीय लेखा विभाग अजूनही सरकारचं खातं जुळवतो. शुक्रवारची किमान शिल्लक आता ५० ऐवजी १०० कोटी आहे आणि इतर दिवशी १० कोटी. तूट पडली तर आता ती व्याज लावून, मुदतीत आणि मर्यादेच्या आत भरावी लागते.